साकाईहून आलेली सुरी

खालापूर, पौष वद्य पंचमी, शके १८१७

चिरंजीव नागू यास,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिला असं समज. मनातून दिलेला नाही.

तुझं बोचकं पोचलं. मुंबईच्या कापसाच्या पेढीवरचा कारकून ते कर्जत स्टेशनात टाकून गेला, तिथून मी पायी जाऊन आणलं. नऊ वर्षांत तीन पत्रं आणि आता ही एक सुरी. सख्खा भाऊ जिवंत आहे की मेला हे नऊ वर्षांत तीनदा विचारलंस, आणि मासे कापायची सुरी मात्र कापसात गुंडाळून, दोन पेट्यांत घालून पाठवलीस. माणसापेक्षा तुला लोखंडाची काळजी जास्त. असो. तेवढं तरी लोहाराच्या रक्ताचं म्हणायचं.

‘पाहून काय वाटतं ते कळव’ असं लिहिलंस. कळवतो.

वीतभर लांब, दीड बोट रुंद, वेळूच्या पानासारखी निमुळती. पांढऱ्या लाकडाची मूठ, गळ्याशी म्हशीच्या शिंगाचं बोंड. मूठ इतकी हलकी की हातात काही धरलंय असं वाटत नाही. हत्यार हातात आहे हे हाताला कळू नये, हे कसलं हत्यार? धार एकाच अंगाला. पहिल्यांदा वाटलं, करणारा अर्ध्यावर जेवायला उठला आणि दुसरं अंग घासायचं विसरला. ते दुसरं अंगही सपाट नाही, मधोमध खोलगट. आपल्याकडे असं पातं निघालं असतं तर बाने ते पुन्हा भट्टीत खुपसलं असतं आणि करणाऱ्याच्या पाठीत सांडशी घातली असती.

तू लिहितोस की पात्यावर ज्याची खूण आहे त्या तिकडच्या साकाई गावच्या म्हाताऱ्या उस्तादाच्या घराण्यात पूर्वी तलवारी व्हायच्या. पुढे त्यांच्या सरकारने तलवारी बंद केल्या आणि म्हातारा सुऱ्यांवर आला. यात मोठं काय? आपल्या पणज्यानेही राजमाची किल्ल्याच्या शिबंदीला तलवारी दिल्या. आपल्याकडेही सरकारने हत्यारं बंद केली. आपण कोयत्यावर आलो. कोयता घेऊन माणूस रानात शिरतो आणि पोट भरून बाहेर येतो. सुरीने काय होतं? तूच लिहितोस की ते लोक मासळी कच्चीच खातात. मग सुरी तरी कशाला हवी? दात आहेत ना त्यांना?

बाजाराच्या दिवशी मी ती दुकानापुढे फळीवर ठेवली. माणसं जमली. समोरचा धोंडी वाणी आलाच. तो हल्ली मुंबईहून विलायती कोयते आणून विकतो. साच्यात ओतल्यासारखे सगळे एकसारखे, एकाच आईची शंभर मुकी पोरं. त्याने सुरी उचलली, अंगठ्यावर धार पाहिली, रक्त आलं तेव्हा पटकन खाली ठेवली आणि म्हणाला, “आबा, खरं सांगा, आसं काय तुमाला जमंल का?”

चार माणसं हसली.

मी आत गेलो आणि खैराचा ओंडका आणला, गाठीचा. पोशा ठाकर होता तिथे, ठाकुरवाडीवरून बांबू घेऊन आलेला. तो म्हणाला, “आबा, ही मासली कापायची हाय. हिला खैराव कशाला मारतूस?” मी म्हटलं, “हत्यार ते हत्यार. बाच्या हातचा कोयता खैराला भीत नव्हता.” आणि मारली. पहिल्या घावाला धारेचा नखाएवढा कपचा उडाला. दुसऱ्या घावाला चार बोटं टोक तुटून धोंडीच्या पायाशी पडलं. तेव्हा कोणी हसलं नाही.

तर हे वाटलं. कळवलं.

तुझी वहिनी बाहेर आली, तिने दोन्ही तुकडे वेचले, पदरात घेतले आणि आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सुंदराला तुझा पुळका आधीपासूनच आहे. तू गेल्यापासून घण तीच मारते हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहितो. बाईमाणूस घण मारते तेव्हा रस्त्यावरचा प्रत्येक जण बघून जातो. ते बघणं तुझ्यामुळे आहे.

अकरा वर्षं ऐरणीपाशी माझ्यासमोर घण मारत उभा राहिलास आणि एका कोयत्यावरून रुसून बोटीवर कोळसा ओढायला गेलास. एका कोयत्यावरून! असल्या रुसव्यावर मी थुंकतो.

आबाजी


खालापूर, वैशाख शुद्ध दशमी, शके १८१८

नागू,

तुझं पत्र पोचलं. चार ओळी. ‘दादा, ती लाकडासाठी नव्हती. तुकडे असतील तर ठेव. वहिनीला नमस्कार. तुझी अक्षरं मोठी झालीत आणि ओळी वर चढतात, डोळे कसे आहेत?’

शाई पातळ होती. म्हणून अक्षरं मोठी काढली. साता समुद्रापलीकडे बसून माझे डोळे तपासू नकोस.

मला वाटलं होतं, चिडशील. दोन शिव्या तरी लिहिशील. मी तुझी वस्तू चारचौघांत मोडली आणि तू वहिनीला नमस्कार लिहितोस. तू पहिल्यापासून असाच. गाढवाला मारलं तर ते लाथ तरी झाडतं.

इथलं वर्तमान असं. पोशाने कोयता परत आणला. मी होळीला करून दिलेला. चार दिवस बांबू तोडले आणि धार वळली, शेवग्याच्या शेंगेसारखी. त्याने तो माझ्यापुढे ठेवला. त्याआधी कोंडाणे गावचे दोघे आपापले कोयते आणून ठेवून गेले होते, त्यातल्या एकाची धार उलट खापरासारखी फुटली होती. एक मऊ, एक कडक. मी म्हटलं, कोळसा ओला होता. सुंदरा भात्यावर होती. तिकडूनच म्हणाली, “कोळसा सुका हाय. मी वाळवलाय.”

नवरा बोलत असताना मध्ये तोंड घालायची सवय तिला तू गेल्यापासून लागली. घण हातात आला की माणसाची जीभ लांब होते.

पोशा जाताना धोंडीच्या दुकानात शिरला. मी पाहिलं. पाहिलं म्हणजे त्याची चाल ओळखली. विलायती कोयता घेऊन बाहेर आला असणार. रानातला माणूस, त्याला आता शंभरातलं एक मुकं पोर चालतं.

तुझ्या सुरीचा मोठा तुकडा मी सुंदराकडून मागून घेतला. तिने सहज दिला नाही. साणेवर तुटलेली बाजू घासली, उन्हात अगदी डोळ्याशी धरली, तेव्हा एक रेघ दिसली. दोन लोखंडं आहेत. पाठ मऊ लोखंडाची आणि तिच्या एकाच अंगाला पोलादाचा पातळ थर, कापडाला अस्तर लावावं तसा. म्हणून धार एका अंगाला. आणि मागचं अंग खोलगट आहे ते मी समजत होतो तशी चूक नाही. दगडावर ठेवलं की फक्त कडा टेकते, घासायला सोपं जातं, आणि मासळीचा काप पात्याला चिकटत नसणार. म्हाताऱ्याला अगदीच अक्कल नाही असं नाही.

आपणही पोलाद भरतो, पण लोखंड चिरून मधोमध. एका अंगाला लावलं तर पाण्यात घातल्यावर पातं वाकतं, हे लोहाराच्या लेकरालाही ठाऊक असतं. मग हे सरळ कसं राहिलं? मी करून पाहिलं. पहिल्यांदा थर सुटला. दुसऱ्यांदा पोलाद जळून फुलबाजीसारखं उडालं. तिसऱ्यांदा चांगलं बसलं, पाण्यात घातलं आणि टिंग असा आवाज होऊन तडकलं. तो आवाज तुला माहीत आहे. सुंदरा म्हणाली, “लई तापलं व्हतं. पांढरं झालं व्हतं.” मला ते तांबडं दिसलं होतं.

उन्हाळ्याचा उजेड वाईट. डोळ्यांवर येतो.

तुझ्या म्हाताऱ्याला विचार, थर बसवताना टाकणखार किती घालतो आणि पाणी देताना रंग कोणता बघतो. मला गरज नाही. घराण्यात चार पिढ्या हेच चाललंय, कोणा परक्याकडून शिकायची वेळ आलेली नाही. नुसतं विचारतोय.

आबाजी


खालापूर, आश्विन शुद्ध द्वादशी, शके १८१८

नागू,

उत्तर पोचलं. टाकणखारात लोखंडाचा कीस मिसळायचा, पातं आधी उलट्या बाजूला जरासं वाकवून मग पाण्यात घालायचं म्हणजे पाण्यात ते आपोआप सरळ होतं, आणि रंग बघायला भर दुपारी दारं लावून अंधार करायचा. दोन पानं भरून लिहिलंस. स्वतःबद्दल एक ओळ नाही. बोटीवर कोळसा ओढणाऱ्याला हे सगळं इतकं कसं ठाऊक, असं तेव्हाच माझ्या मनात यायला हवं होतं. आलं नाही. तुझ्याबद्दल चांगलं काही मनात यायची मला सवयच नाही.

दसऱ्याला हत्यारांची पूजा मांडली. सुंदराने न विचारता तुझ्या सुरीचे तुकडेही पाटावर ठेवले. मी म्हटलं, मोडकं हत्यार पूजेत मांडत नाहीत. ती म्हणाली, “मोडलं कोनी?” मी मोठा तुकडा उचलला. मूठ मळली होती, म्हटलं काढून धुवावी. लाकडाला खालून दोन ठोके दिले, मूठ सुटली. आतली शेपटी उघडी पडली. वर पात्यावर त्या म्हाताऱ्याची खूण आहे, ती परकी अक्षरं. पण मुठीच्या आत, जिथे कोणी बघणार नाही तिथे, बोटाला काहीतरी लागलं. उजेडात नेलं तरी नीट दिसेना. सुंदराला दाखवलं.

ती म्हणाली, “चंद्रकोर हाय. खाली टिंब. टिंब डाव्या अंगाला सरकलंय.”

आपली खूण. बाची. आणि टिंब डावीकडे सरकवणारा या घरात एकच माणूस होता. मोडीच्या तुकड्यांवर खूण गिरवायचास तेव्हा त्या टिंबावरून मी तुला किती वेळा बोललो असेन!

मी बोट फिरवलं. खुणेच्या कडा वर उचललेल्या आहेत. म्हणजे लोखंड लाल असताना मारलेली, पाणी द्यायच्या आधी. विकत घेतलेल्या सुरीवर अशी खूण मारता येत नाही. ज्याने ती घडवली त्यालाच येते.

नागू, तू लिहिलं का नाहीस की ती तू केलीस? ‘पाहून काय वाटतं ते कळव,’ एवढंच लिहिलंस. तिकडे कापसाच्या पेढीवर हमाली करत असशील आणि मिरवायला कुठली तरी सुरी विकत घेऊन पाठवली असशील, एवढीच मी तुझी किंमत केली. तुझं नाव असतं तर मी ती मोडली नसती असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ते खोटं आहे. मी एकदा तुझं नाव ठाऊक असूनच मोडलंय.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, एका कोयत्यावरून रुसलास. ते कसं झालं ते लिहिलं नव्हतं. आता लिहितो. तू पोशासाठी कोयता केलास, मला न विचारता, मी कर्जतला गेलो असताना. तुझा पहिला. आपली खूण त्यावर मारलीस. मी परत आलो तेव्हा पोशा तो हातात घेऊन उभा होता आणि म्हणत होता, झ्याक झालाय. मी त्याच्या हातून तो घेतला, भट्टीत घातला, लाल केला, ऐरणीवर ठेवला आणि दुमडला. तुला घण मारायला लावला. तुझ्याच हाताने. चारचौघांसमोर म्हटलं, “घण मारनाऱ्यानं घण मारावा. खुनेला हात लावायची तुजी लायकी नाय.” कोयता चांगला होता. पाणी बरोबर बसलं होतं. म्हणूनच दुमडला.

एवढं लिहायला मला नऊ वर्षं लागली. माझ्यासारख्या माणसाबद्दल काय वाटावं ते तू ठरव. मला काय वाटतं ते मी ठरवलंय.

बाजाराच्या दिवशी मी दुकानापुढे उभा राहिलो. धोंडीला हाक मारली, पोशाला मारली, जे कोणी होतं त्यांना मारली. म्हटलं, “पौषात मी जी सुरी मोडली ती करनाऱ्याच्या चुकीनं मोडली नाय. मी खैराच्या गाठीव मारली म्हनून मोडली. ती माज्या नागूनं घडवलीया. आसं काम मला जमत नाय. धोंडी, तू इचारलं व्हतंस, त्याचं उत्तर हे.”

धोंडी हसला. “आता सांगून काय व्हायचं? तुकडं जुळतील व्हय?”

पोशा म्हणाला, “तवा का नाय सांगितलंस?”

“तवा मला ठावं नव्हतं, त्याची हाय म्हनून.”

पोशाने बांबूची मोळी खाली टाकली. मग म्हणाला, “आन् माजा कोयता मोडलास तवा? तवा त ठावं व्हता.”

तो बांबूची मोळी उचलून गेला. त्याचा राग नऊ वर्षं जुना आहे आणि मला कळलाच नव्हता. मला वाटायचं, ठाकराला कसला राग.

आबाजी


खालापूर, फाल्गुन वद्य सप्तमी, शके १८१८

नागू,

तू लिहितोस, ‘पाणी जरा जास्त झालं होतं दादा. कमी असतं तर खैरावरही कपचा उडाला नसता. माझीही चूक आहे.’

खोटारड्या! पाणी बरोबर होतं. सुरीला जेवढं हवं तेवढंच होतं. मी उरलेला तुकडा घासून त्याची लहान सुरी केली, सुंदरा तिने पावट्याच्या शेंगांपासून वाळलेल्या बोंबलापर्यंत सगळं कापते, पाच महिने झाले, अजून दगडाला लावलेली नाही. आणि तू मला सांगतोस माझीही चूक! दुसऱ्याने केलेलं पाप आपल्या पदरात घ्यायची तुझी ही खोड मला अजून चीड आणते. बाच्या वेळी भाता मी फोडला होता आणि मार तू खाल्लास. तेव्हाही मला तुझी कीवच आली होती. आभार नाही मानले.

पुढे लिहितोस, ‘मी येऊ का?’

नको. मुंबईत गाठीच्या तापाची साथ आहे, माणसं पटापट मरतायत, गाड्यांतून उतरवून तपासतात, बोटी बंदरात अडकवून ठेवतात. तू तिकडेच बरा. आणि साथ सरली तरी यायचं ते भेटायला ये, राहायला नको. इथे राहून काय करशील? धोंडीचे विलायती कोयते गावोगाव गेले. इथे तुझ्या हातच्या सुरीची परीक्षा खैरावर होते. तिकडे तो म्हातारा तुझ्या मुठीआड तुझी खूण मारू देतो. सख्ख्या भावाने जे दिलं नाही ते परक्या मुलखातल्या माणसाने दिलं. त्याला माझा नमस्कार सांग. त्याच्या बोलीत सांग, मला येत नाही म्हणून.

डोळ्यांचं विचारलंस. हे पत्र मी लिहीत नाही. शाळेतले अप्पा मास्तर लिहितात, मी सांगतो. म्हणून ओळी सरळ आहेत. उजव्या डोळ्याने उजेड आणि अंधार एवढं कळतं. डाव्याने माणूस कळतो, चेहरा कळत नाही. तीन वर्षं होत आली. मी कोणाला सांगितलं नव्हतं. ज्याला लोखंडाचा रंग दिसत नाही त्याने पाणी देणं म्हणजे आंधळ्याने वाट दाखवणं, आणि मी तीन वर्षं तेच केलं. ज्यांचे कोयते वळले, फुटले, त्यांना कोळसा, पाणी, लोखंड, सगळ्यांची नावं सांगितली. पोशा परत आला नाही तो त्यामुळेही.

माघात एक दिवस कोयत्याचं पातं भट्टीत होतं. मी सांडशी धरून उभा होतो आणि काढायचं कधी ते मला कळत नव्हतं. सुंदरा घण टेकवून उभी होती. म्हणाली, “काढा.”

मी काढलं नाही. म्हटलं, “मला सांगू नकोस.”

ती म्हणाली, “मग जाळा.”

मी उभाच राहिलो. मग तिने घण खाली ठेवला, पुढे आली, माझ्या हातातून सांडशी घेतली आणि पातं पाण्यात घातलं. आवाज बरोबर आला. तू ऐकला असतास तर ‘पाणी बसलं’ म्हणाला असतास. मग तिने हातोडी उचलली आणि म्हणाली, “तुमी तिकडं व्हा.”

तिकडं म्हणजे घणाच्या बाजूला.

मी तिला शिव्या दिल्या. बाहेर जाऊन चिंचेखाली बसलो. माणसं बघत होती. बरंच ऊन कललं. आत काही आवाज नाही. एकट्या हातोडीने कोयता होत नाही, तिला माहीत होतं, आणि मी परत येईन हेही माहीत होतं. आलो. घण उचलला.

त्याला आता सातवा आठवडा. सुंदरा ऐरणीवर, मी समोर. घण मारणाऱ्याला लोखंड दिसावं लागत नाही, हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. हातोडी जिथे वाजते तिथे मारायचं. ती हळू वाजली की हळू, जोरात वाजली की जोरात. कान ठेवून उभं राहायचं आणि दुसऱ्याच्या मर्जीने खांदे झिजवायचे. ती तोंडाने फटकळ आहे. “हात हाय का लाकूड?” म्हणते. मी ऐकून घेतो. शिमग्याच्या आधी तिने केलेले चार कोयते कोंडाण्याला गेले आणि एकही परत आलेला नाही. धोंडी म्हणतो, आबाजीच्या घरात बायकोचं राज्य आलं. येऊ दे. त्याला काय, ऐरण आणि उखळ यातला फरकही कळत नाही.

रोज दुपारपर्यंत माझे खांदे उतरतात. हात वर जात नाहीत. तळव्याला फोड आलेत, या वयात. मग एक गोष्ट विचारायची आहे, मास्तर समोर आहेत तरी विचारतो, आणि तू नेहमीसारखं मला सांभाळून घेऊ नकोस, खरं लिही. त्या अकरा वर्षांत मी तुला एकदा तरी म्हणालो होतो का, ‘बस नागू, दम घे’?

मी खूप आठवून पाहिलं. मला आठवत नाही.

सुंदरा मला रोज म्हणते.

आबाजी